आयएसडीएन टर्मिनल अॅडाप्टरवरून आवाजाचा कॉल लागतो, डेटा कॉल लागत नाही

पाने_लावणारा (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या रामबागेत आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. पेजमेकरमध्ये पाने लावायची आणि ती पुण्याच्या एका छापखान्याकडे पाठवायची, हा आमचा वर्षभराचा व्यवसाय. आजवर ही पाने सीडीवर घालून रात्रीच्या बसने जात असत. पण दिवाळी अंकाच्या हंगामात एका पानावरची एक वेलांटी दुरुस्त करण्यासाठी पुन्हा सीडी, पुन्हा बस आणि पुन्हा एक दिवस, हे आता परवडत नाही. छापखान्याकडे आयएसडीएनचा, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनवर चालणारा, राउटर आहे व इतर गावांची मंडळी त्यावर थेट डायल करून फाइली ठेवतात, असे कळल्यावर आम्हीही लाइन घेतली.

लाइन साधी बीआरआय आहे, म्हणजे आवाज किंवा डेटा नेणारे दोन बी-चॅनेल आणि एक्सचेंजशी संदेशांसाठी एक डी-चॅनेल, आणि तिच्यावर दोन नंबर मिळाले आहेत. भिंतीवर एनटी-१ची पेटी, म्हणजे बाहेरची दोन तारांची लाइन जिथे येऊन संपते ती, बसवली आहे, तिच्यातून आठ पिनांची वायर टर्मिनल अॅडाप्टरला (मोडेमच्या जागी बसणाऱ्या यंत्राला) जाते आणि अॅडाप्टर संगणकाच्या कॉम-१ पोर्टला जोडलेला आहे. संगणकावर विंडोज ९८ आहे. अॅडाप्टर जेल रोडवरच्या एका दुकानातून वापरलेला घेतला, त्यामुळे त्याच्या माहितीपुस्तकाची मधली काही पाने माझ्याकडे नाहीत. पोर्टचा वेग पूर्वीच्या मोडेमसाठी ठेवला होता तसाच ५७६०० आहे.

अडचण अशी की अॅडाप्टरच्या मागच्या साध्या फोनच्या खाचेत टेलिफोन लावून पुण्याचा नंबर फिरवला की छापखान्याच्या कार्यालयाशी उत्तम बोलणे होते, आवाज तर नेहमीच्या फोनपेक्षा स्वच्छ येतो; पण डायल-अप नेटवर्किंगमधून राउटरचा नंबर लावला की थोडा वेळ काहीच घडत नाही आणि मग पलीकडचा संगणक उत्तर देत नाही असा संदेश येतो. हायपरटर्मिनलमधून हातानेच 'एटीडीटी' ही डायल करण्याची आज्ञा आणि पुढे नंबर दिला, तर काही सेकंदांनी 'नो कॅरिअर' एवढेच उमटते. छापखान्याचे लोक म्हणतात की त्यांच्या राउटरवर आमचा कॉल आल्याची नोंदच होत नाही. लाइनमध्येच दोष आहे की मी काही चुकीचे करतो आहे?

सयाजीपूर (वडोदरा)

माझ्या अनुभवात अशा तक्रारींमागे बहुधा वायरिंग असते. एनटी-१पासून निघणाऱ्या चार तारांच्या बसच्या (उपकरणे जोडायच्या सामाईक तारांच्या) शेवटी १०० ओहमचे रोध (रेझिस्टर) असावे लागतात. ते नसतील किंवा गरजेपेक्षा जास्त लागले असतील तर सिग्नल परावर्तित होऊन चुका होतात. ३, ४, ५ आणि ६ या पिनांची जोडणी एकदा मीटरने तपासा. अॅडाप्टर कोणी नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला नाही ना, हेही पाहा. तिकडच्या पुष्कळ अॅडाप्टरांच्या पोटातच एनटी-१ असतो, ते थेट दोन तारांच्या लाइनला लागतात आणि सुरू होताना 'स्पिड' नावाचा एक क्रमांक मागतात, जो आपल्याकडे दिलाच जात नाही.

तारायंत्र (इंदूर)

सयाजीपूरभाऊंचे म्हणणे एरवी योग्य आहे, परंतु या बाबतीत वायरिंगवर संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही. आवाजाचा कॉल त्याच चार तारांवरून, त्याच एनटी-१मधून आणि त्याच डी-चॅनेलवरच्या संदेशांनी लागतो आहे. जोडणी बिघडलेली असती तर तोही लागला नसता. अमेरिकन अॅडाप्टरचा प्रश्नही त्याच कारणाने निकालात निघतो. मी टेलिफोनच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. लांबण लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्या जुन्या मोडेमचा कॉल आणि टेलिफोनवरचे बोलणे यांत एक्सचेंजच्या लेखी काहीही फरक नसे. दोन्हीही आवाजच. मोडेम शिट्ट्या वाजवतो आणि एक्सचेंज त्या बोलण्यासारख्याच वाहून नेते. आयएसडीएनमध्ये असे चालत नाही. तुम्ही नंबर फिरवला की अॅडाप्टर १६ किलोबिटच्या डी-चॅनेलवरून एक्सचेंजला 'सेटअप' नावाचा संदेश धाडतो आणि त्यात कोणाला कॉल करायचा एवढेच नव्हे, तर कॉलमधून काय जाणार आहे तेही आधीच लिहून देतो. या मजकुराला बेअरर कॅपॅबिलिटी म्हणतात. बोलणे असेल तर 'स्पीच', साध्या फोनच्या खाचेतून मोडेम किंवा फॅक्स जाणार असेल तर बहुधा '३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ', आणि शुद्ध डेटा असेल तर 'अनरिस्ट्रिक्टेड डिजिटल', म्हणजे ६४ किलोबिटचा एकही बिट वाटेत कोणी बदलू नये अशी मागणी. आवाजाच्या कॉलवर एक्सचेंज प्रतिध्वनी कमी करणारी यंत्रणा मध्ये घालू शकते, आवाजाची पातळी कमी-जास्त करू शकते. माणसाच्या कानाला ते कळतही नाही, पण तोच प्रकार डेटावर झाला तर फाइलीचे वाटोळे होईल.

तेव्हा साध्या खाचेतून पुण्याला बोलणे झाले यावरून लाइन जिवंत आहे, एसटीडीची सोय चालू आहे आणि अॅडाप्टरचे एक्सचेंजशी संभाषण होते आहे, एवढेच सिद्ध होते. डेटा कॉलची चिठ्ठी निराळी असते आणि ती पलीकडे वाचली जाते. पलीकडच्या यंत्राला ती पटली नाही तर ते फोन उचलत नाही.

आता प्रश्न असा की कॉल कोणी व का तोडला. 'नो कॅरिअर' हे शब्द मोडेमच्या काळातले आहेत, त्यांतून काही बोध होत नाही. आयएसडीएनमध्ये प्रत्येक तुटलेल्या कॉलबरोबर कारणाचा एक आकडा येतो, त्याला कॉज कोड म्हणतात, आणि बहुतेक अॅडाप्टर तो आकडा एखाद्या आज्ञेने किंवा पुढच्या छोट्या पडद्यावर दाखवतात. १७ असेल तर पलीकडची लाइन व्यग्र आहे, ३४ असेल तर मधल्या मार्गावर चॅनेल मोकळे नाही, ५७ असेल तर तुमच्या लाइनवर त्या प्रकारच्या सेवेला परवानगी नाही, आणि ८८ असेल तर पलीकडचे यंत्र तुमच्या मागणीशी जुळत नाही. तुमच्या बाबतीत कोणता आकडा दिसतो आणि नंबर दिल्यापासून 'नो कॅरिअर' येईपर्यंत घड्याळाने नेमके किती सेकंद लागतात, एवढ्या दोन गोष्टी कळवा. दरम्यान दुसरे काहीही बदलू नका. दहा ठिकाणी हात घातला की अकरावा दोष आपण स्वतः निर्माण केलेला असतो.

पाने_लावणारा (इंदूर)

काका, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. काल संध्याकाळी पाहणार होतो, पण आमच्याकडे सहा ते नऊ वीज नव्हती आणि वीज नसली की ही सारी मांडावळ शोभेची असते. आज सकाळी पाच वेळा कॉल करून पाहिला. पाचही वेळा घड्याळात आठ ते नऊ सेकंद लागले. अॅडाप्टरच्या पडद्यावर कॉल तुटल्यानंतर क्षणभर '९२' असा आकडा येतो. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांत हा नाही, आणि माझ्याकडच्या माहितीपुस्तकाच्या शेवटी कॉज कोडची जी यादी आहे तिच्यात ९१ आहे, ९५ आहे, पण ९२ नाही.

ग्वाल्हेरची_लेक (ग्वाल्हेर)

तुमची यादी बरोबर आहे आणि पडदाही बरोबर आहे. तो ९२ आपल्या दशमान पद्धतीतला नसून सोळाच्या पद्धतीतला आहे. सोळाच्या पद्धतीत ९२ म्हणजे १४६. संदेशातल्या त्या बाइटचा सर्वांत वरचा बिट 'हा या गटातला शेवटचा बाइट' एवढे सांगण्यासाठी राखून ठेवलेला असतो आणि तुमचा अॅडाप्टर तो न काढताच आकडा दाखवतो आहे. १४६मधून १२८ वजा केले की १८ उरतात. १८ म्हणजे 'नो यूजर रिस्पाँडिंग', पलीकडे कोणीही प्रतिसाद दिला नाही. मी येथे एका संस्थेच्या शाखांचे राउटर सांभाळते आणि पहिल्या वर्षी याच बिटाने मला एक अख्खी दुपार फिरवले होते.

तुमचे आठ सेकंदही १८ला दुजोरा देतात. पुण्याचे एक्सचेंज तुमचा सेटअप संदेश छापखान्याच्या लाइनवर पाठवते आणि चार सेकंद वाट पाहते, काहीच उत्तर आले नाही तर तोच संदेश आणखी एकदा पाठवते, पुन्हा चार सेकंद थांबते आणि मग १८ हे कारण देऊन कॉल सोडते. कॉल इंदुरातच अडकला असता तर इतका वेळ लागला नसता आणि आकडाही वेगळा आला असता. म्हणजे तुमचा संदेश पुण्यात त्यांच्या भिंतीपर्यंत पोचतो आहे, आणि राउटर गप्प बसतो आहे.

राउटर गप्प का बसतो, हे समजून घेण्यासारखे आहे. एका एनटी-१वर आठपर्यंत उपकरणे एकाच बसवर जोडता येतात आणि येणारा कॉल त्या सर्वांना एकदमच ऐकवला जातो. ज्याचा नंबर जुळतो आणि ज्याला मागितलेली सेवा देता येते तेच उपकरण उत्तर देते. बाकीच्यांनी गप्प राहावे असा शिष्टाचार आहे, कारण फॅक्स यंत्राने उठून 'मला जमत नाही' म्हणत राउटरचा कॉल तोडला तर अनर्थ होईल. त्यामुळे मागणी न जुळल्यास पुस्तकाप्रमाणे ८८ यायला हवा असला, तरी व्यवहारात पुष्कळदा १८च दिसतो. छापखान्याच्या लोकांना नोंद दिसत नाही तीही बहुधा याचमुळे. राउटरने जो कॉल आपला मानलाच नाही, त्याची साध्या नोंदवहीत ओळ उमटत नाही.

माझा संशय दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे तुमच्या अॅडाप्टरची बी-चॅनेलवरची पद्धत. सिरीयल पोर्टवरून येणारी अक्षरे ६४ किलोबिटच्या चॅनेलमध्ये बसवण्याच्या अनेक रीती आहेत. व्ही.११०मध्ये मूळ वेग, समजा ३८४००, उरलेल्या जागी भरताड भरून ६४ हजारांत बसवला जातो. व्ही.१२०मध्ये अक्षरांची पाकिटे करून प्रत्येकावर लहानसे शीर्षक लावले जाते, आणि ही रीत अमेरिकेत अधिक चालली. एक्स.७५ जर्मनीकडे रूढ होती. या रीती दोन अॅडाप्टरांमध्ये चालतात, पण राउटरला बहुधा यांपैकी काहीच नको असते. त्याला बी-चॅनेलवर थेट सिंक्रोनस पीपीपी, म्हणजे नेटवर्कची पाकिटे बिटांच्या अखंड प्रवाहात नेण्याची रीत, हवा असतो. तुमचा अॅडाप्टर कारखान्यातून व्ही.११० किंवा व्ही.१२०वर लावून आलेला असेल, तर ती रीत तो सेटअपमध्ये लिहून पाठवतो, आणि ते वाचून राउटर तोंड फिरवतो.

अॅडाप्टरच्या माहितीपुस्तकात 'एसिंक-टू-सिंक पीपीपी' किंवा 'एचडीएलसी पीपीपी' अशा नावाची रीत शोधा. त्याची आज्ञा प्रत्येक कंपनीची निराळी असते, म्हणून माझ्या अॅडाप्टरची आज्ञा तुम्हांला देत नाही. चुकीची आज्ञा 'ओके' म्हणून स्वीकारली जाते आणि भलतेच काही बदलते. आधी 'एटी&एफ' देऊन कारखान्याची मूळ मांडणी आणा, मग रीत बदला, मग 'एटी&डब्ल्यू' देऊन जतन करा. जतन केले नाही तर तुमच्याकडची संध्याकाळची वीज गेली की केलेले सारे पुसले जाईल.

दुसरा संशय नंबरावर आहे. छापखान्याने सुरक्षेसाठी राउटरमध्ये ठरावीक नंबरांचीच यादी घातली असेल, तर तुमच्याकडून जाणारा नंबर आणि यादीतला नंबर अक्षरशः सारखा असायला हवा. तुम्हांला दोन नंबर आहेत. अॅडाप्टरच्या डेटाच्या खाचेला त्यांपैकी कोणता दिला आहे ते पाहा, आणि यादीत काय लिहिले आहे तेही विचारा.

तारायंत्र (इंदूर)

ताईंनी आठ सेकंदांचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला लावला. मी वेळ विचारली होती ती याचसाठी. एक पुरवणी जोडतो. काही अॅडाप्टरांच्या पोटात साधा मोडेमही असतो आणि तिथे 'एटीडीटी' म्हटले की कॉल आवाजाच्या चिठ्ठीने जातो, तर डेटासाठी 'एटीडीआय' म्हणावे लागते. तुमचा अॅडाप्टर त्या जातीचा असेल तर डायल-अप नेटवर्किंग सवयीने 'डीटी'च पाठवत राहील आणि रीत कितीही बदलली तरी राउटरकडे आवाजाचाच कॉल जाईल. विंडोजमध्ये अॅडाप्टरचे स्वतःचे ड्रायव्हर न घालता 'स्टँडर्ड मोडेम' निवडले असले की हमखास असे होते.

सयाजीपूरभाऊंनी रोधाचा मुद्दा काढलाच आहे, तर तोही सांगून टाकतो. एनटी-१च्या पुष्कळ पेट्यांत १०० ओहम आतच असतात आणि एकच उपकरण काही मीटरवर असेल तर या वाटेला जाण्याची गरजच पडत नाही. लांब बस ओढून तिच्यावर चार-पाच उपकरणे टांगली की मात्र त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरते.

पाने_लावणारा (इंदूर)

कॉल लागला! ताई, तुमचे दोन्ही संशय खरे ठरले, आणि दोन्ही एकाच वेळी असल्यामुळेच मी आजवर अंधारात होतो.

अॅडाप्टर व्ही.११०वर होता. 'एटी&व्ही' दिल्यावर मांडणीची जी लांबलचक यादी उमटली तिच्यात ते स्पष्ट लिहिले होते; मी ती यादी अनेकदा पाहिली होती, पण त्या ओळीचा अर्थ कळत नव्हता. पीपीपीची रीत लावली आणि पुन्हा डायल केले, तरी तेच आठ सेकंद आणि तोच ९२. इथे मी हात टेकले असते, पण तुमचा दुसरा संशय आठवला आणि छापखान्याला फोन करून यादी वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी माझा नंबर जसा मी पत्राच्या शीर्षावर छापतो तसाच, म्हणजे ०७३१ने सुरू होणारा, भरला होता. नंबर बरोबर, तरीही कॉल नाही. मग त्यांच्या माणसाने राउटरवर येणाऱ्या कॉलचे तपशील दाखवणारी सोय चालू केली आणि मी डायल केले, तेव्हा त्याला माझा नंबर ७३१ने सुरू होताना दिसला. शून्यच नव्हता. यादीतले शून्य काढल्याबरोबर दोन सेकंदांत कॉल जोडला गेला. मोडेमच्या अर्ध्या मिनिटाच्या केकाटण्याची सवय असल्यामुळे खरेच काही जोडले गेले आहे यावर विश्वास बसेना.

आता नवी शंका. पहिली फाइल १६ मेगाबाइटची होती. वेग सेकंदाला ५.४ किलोबाइटच्या वर जात नाही आणि फाइल जायला जवळजवळ पन्नास मिनिटे लागली. ६४ किलोबिट म्हणजे ८ किलोबाइट ना? उरलेले कुठे जाते? दोन्ही बी-चॅनेल जोडून १२८ करता येतील असे ऐकतो, ते केले तर वेळ निम्मा होईल का?

ग्वाल्हेरची_लेक (ग्वाल्हेर)

अभिनंदन. शून्याचे कोडे असे आहे की ते शून्य नंबराचा भाग नसतेच, बाहेरगावी फोन लावताना आपण दाबतो ती किल्ली असते. एक्सचेंज नंबर पुढे देताना 'हा देशांतर्गत नंबर आहे' असे वेगळ्या खुणेने कळवते आणि नंबर शून्याविना देते. उद्या अहमदाबाद किंवा मुंबईचे कोणी त्या यादीत आले तर छापखान्याला पुन्हा हाच अनुभव येईल, त्यांना सांगून ठेवा.

वेगाचे उत्तर तुमच्या पहिल्याच पत्रात आहे. पोर्ट ५७६००वर आहे. सिरीयल पोर्टवर प्रत्येक बाइटच्या आठ बिटांना पुढे एक स्टार्ट आणि मागे एक स्टॉप असे दोन बिट लागतात, म्हणजे बाइटला दहा बिट. ५७६०० भागिले दहा, सेकंदाला ५७६० बाइट. त्यातून पीपीपीची आणि वरच्या शीर्षकांची वजावट केली की तुमचे ५.४ राहतात. बी-चॅनेलवर स्टार्ट आणि स्टॉप नसतात, तिथे ६४ हजार भागिले आठ म्हणजे पुरते ८ हजार बाइट जातात. तुमचा चॅनेल चौथ्या हिश्शाहून अधिक रिकामाच धावत होता आणि पैसे मात्र पूर्ण चॅनेलचे पडत होते.

पोर्ट ११५२०० करा आणि प्रवाह-नियंत्रण हार्डवेअरचे, म्हणजे आरटीएस-सीटीएसचे ठेवा. आता पोर्ट चॅनेलपेक्षा वेगवान होईल, तेव्हा अॅडाप्टरला 'जरा थांब' म्हणता आलेच पाहिजे. सॉफ्टवेअरचे नियंत्रण ठेवले तर थांबा आणि चला यांच्या खुणा डेटातल्याच बाइटांशी गल्लत करू शकतात. संगणक जुना असेल तर पोर्टमागची चिप १६५५० जातीची आहे ना, ते मोडेमच्या तपासणीच्या खिडकीत पाहून घ्या. जुन्या ८२५०ला एका बाइटपलीकडे काही साठवता येत नाही आणि ११५२००वर ती बाइट गाळू लागते.

तारायंत्र (इंदूर)

दोन चॅनेलविषयी माझे मत विचाराल तर, तुमच्या कामासाठी त्या फंदात पडू नका. हिशेब मांडून दाखवतो.

दुसरा चॅनेल म्हणजे दुसरा स्वतंत्र कॉल, त्याचे मीटर वेगळे फिरते. दोन चॅनेल मिळून सेकंदाला १६ हजार बाइट नेऊ शकतात, पण तुमचा पोर्ट ११५२००वर ११५२० बाइटच देऊ शकतो. १६ मेगाबाइटची फाइल एका चॅनेलवर साधारण २००० सेकंदांत जाते आणि २००० सेकंदांचे पैसे पडतात. दोन चॅनेलवर ती १३९० सेकंदांत जाईल, पण पैसे दोन कॉलचे, म्हणजे २७८० सेकंदांचे पडतील. दहा मिनिटे वाचवण्यासाठी जवळजवळ चाळीस टक्के अधिक खर्च, शिवाय तेवढा वेळ दुसऱ्या नंबरावर बाहेरच्या कोणाचा फोन येऊ शकणार नाही. २३०४००चा पोर्ट असलेले कार्ड घातले किंवा यूएसबीचा अॅडाप्टर घेतला तर हिशेब बदलतो आणि वेळ खरोखर निम्मा होतो. एरवी नाही.

ग्वाल्हेरची_लेक (ग्वाल्हेर)

काकांच्या हिशेबाला माझा दुजोरा आहे, आणि त्यात एक खाच अशीही आहे जी पैसे खर्चून कळते. दोन चॅनेल एकत्र बांधण्याच्या रीतीला मल्टिलिंक पीपीपी म्हणतात. तुमच्या अॅडाप्टरात दुसरा कॉल संगणक करत नाही, अॅडाप्टर स्वतःच करतो आणि संगणकाला एकच जोडणी भासवतो. पण राउटर दुसऱ्या कॉलवरही नाव आणि पासवर्ड विचारतो. राउटर 'पॅप' वापरत असेल तर पहिल्या वेळी पासवर्ड उघडाच अॅडाप्टरमधून गेलेला असतो, त्याने तो लक्षात ठेवलेला असतो आणि तो तोच पुन्हा देतो. राउटर 'चॅप' वापरत असेल तर पासवर्ड तारेवरून कधीच जात नाही. राउटर एक यादृच्छिक प्रश्न पाठवतो आणि संगणक पासवर्ड मिसळून केलेले त्याचे उत्तर देतो. दुसऱ्या कॉलवर प्रश्न नवा असतो आणि अॅडाप्टरला पासवर्ड ठाऊकच नसतो. काही अॅडाप्टर तो नवा प्रश्न संगणकाकडेच सरकवून वेळ मारून नेतात. ज्यांना ते जमत नाही तिथे दुसरा चॅनेल लागतो, नाकारला जातो, पुन्हा लागतो, आणि प्रत्येक वेळी मीटर एक घर पुढे सरकते.

बिलाचाच विषय निघाला आहे तर अॅडाप्टरमधला निष्क्रियतेचा टायमर आजच लावा. मोडेमचा कॉल चालू राहिला की ध्यानात येई. आयएसडीएनचा कॉल निःशब्द असतो. विंडोज आपल्या शेजारच्या संगणकांची चौकशी करणारी लहान लहान पाकिटे अधूनमधून सोडत असते, आणि तेवढ्यावरही लाइन जागी राहते. म्हणून त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन टीसीपी-आयपी तेवढे ठेवा, नेटब्यूई आणि आयपीएक्स या नेटवर्कच्या दुसऱ्या भाषांवरच्या खुणा काढून टाका, आणि टायमर दोन-तीन मिनिटांचा ठेवा. तरीही काम झाले की हाताने कॉल तोडण्याची सवय ठेवा. आमच्या एका शाखेत शनिवारी दुपारी लागलेला कॉल सोमवारी सकाळी सापडला होता.

सयाजीपूर (वडोदरा)

वायरिंगचा माझा अंदाज चुकला, हे मान्य. तरी पावसाळ्यापुरते एक ऐका. विजा चमकू लागल्या की एनटी-१ला येणारी दोन तारांची लाइन आणि विजेची पिन दोन्ही काढून ठेवत जा. आमच्याकडे एकाच गडगडाटात एनटी-१, अॅडाप्टर आणि संगणकाचा सिरीयल पोर्ट असे ओळीने तिन्ही गेले होते.

पाने_लावणारा (इंदूर)

पोर्ट ११५२०० केला. आज दुपारी पुन्हा १६ मेगाबाइटचीच फाइल पाठवली, वेग ७.७ किलोबाइट आणि वेळ पस्तीस मिनिटांच्या आत. चिपही १६५५० जातीचीच निघाली. काकांचा हिशेब भागीदारांना दाखवल्यावर दुसऱ्या चॅनेलची चर्चा तिथेच संपली. त्या नंबरावर आता साधा फोन ठेवला आहे, म्हणजे फाइल जात असतानाच छापखान्याशी बोलता येते. टायमर तीन मिनिटांचा लावला, नेटब्यूई आणि आयपीएक्स काढले, 'एटी&डब्ल्यू' दिले, आणि मुद्दाम अॅडाप्टरची पिन काढून पुन्हा लावून पाहिली. मांडणी जशीच्या तशी राहिली.

एक बारीक गोष्ट राहिली होती. संध्याकाळी वीज गेली आणि अॅडाप्टरला इन्व्हर्टरवर घेतले, तरी कॉल लागेना. शोधल्यावर कळले की एनटी-१ची पिन वेगळ्या बोर्डावर होती आणि तो बोर्ड इन्व्हर्टरवर नाही. आता दोन्ही पिना एकाच पट्टीवर घेतल्या आहेत. उद्या रात्री मुखपृष्ठाची फाइल जायची आहे, ती ४० मेगाबाइटची आहे, म्हणजे दीड तास धरून चाललो आहे.